एकाकीपणा, दिव्यांगांचा (जुन्नर व आंबेगाव तालुके)

शारीरिक, ज्ञानेंद्रियविषयक वा मानसिक वैगुण्यामुळे शेजार, बाजार, देवदर्शन आणि लग्नकार्ये यांच्याशी असलेला नित्य संबंध क्षीण झालेल्या व्यक्तीस, प्रसंगी भरल्या घरातही, भोगावी लागणारी सहवासाची उणीव. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगातील सुमारे सहांपैकी एक माणूस एकाकी असून अपंगांस हा धोका अधिक संभवतो.

खानेसुमारी : 1872 ते 1931 च्या खानेसुमाऱ्यांत वेडे, मुकेबहिरे, आंधळे व कुष्ठरोगी यांची मोजदाद होत असे. 1941 पासून हा रकाना गळाला. 1981 मध्ये तो त्रोटक रूपात परतला, 1991 मध्ये पुन्हा गेला, 2001 मध्ये पाच आणि 2011 मध्ये आठ प्रकारांनी भरला गेला. 2011 ची अपंगसंख्या देशात सुमारे 2.68 कोटी व महाराष्ट्रात सुमारे 29.6 लाख होती. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 21 केले व सवलतींसाठी किमान 40 टक्क्यांची मर्यादा ठेवली. अपंग माणसाकडे कोण येते-जाते, हा प्रश्न मात्र यांपैकी कोणत्याही तक्त्यात नाही. संजय गांधी निराधार योजनेचा लाभार्थी हयात आहे किंवा कसे, एवढी विचारपूस सरकार दाखल्याच्या निमित्ताने वर्षातून एकदा करते; पुष्कळांच्या वाट्यास तेवढीही येत नाही.

भूप्रदेश : पश्चिमेस नाणेघाट ते भीमाशंकर या डोंगरपट्ट्यात महादेव कोळ्यांच्या विखुरलेल्या वाड्या आहेत आणि पूर्वेस कुकडी व घोड यांच्या पाण्यावरील ऊस, द्राक्षे व टोमॅटो यांची बागायत. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. आंबेगाव तालुक्याची कचेरी घोडेगावी आहे. वाड्यांतील धडधाकट माणसे मजुरीसाठी नारायणगावच्या बाजूस उतरली की मागे म्हातारी माणसे, लहान मुले आणि अपंग एवढीच उरतात, आणि एसटीच्या थांब्यापर्यंतची पायवाट ज्यास उतरवत नाही त्याचा तालुक्याशी संबंध दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहतो. बागायतीत घरे जवळ असली, तरी उसात बिबट्याचा वावर असल्याने दिवेलागणीनंतर ओट्यावरच्या बैठकी लवकर मोडतात. ज्याच्याकडे लोक येऊन बसत, परंतु ज्यास स्वतः कोणाकडे जाता येत नाही, त्याची संध्याकाळ त्यामुळे रिकामी जाते.

देवस्थाने : लेण्याद्रीच्या पायऱ्या 283 की 307, याविषयी एकवाक्यता नाही. डोलीची सोय आहे. तिच्यासाठी पैसे मोजावे लागतात, म्हणून कुटुंब वर जाऊन येईतो अपंग माणसास पायथ्याशी चपला व पिशव्या यांच्या राखणीस बसविण्याची तोड काढली जाते. ओझरचे मंदिर मात्र सपाटीवर आहे.

साहित्य : मराठीत या अनुभवाची समर्थ साक्ष नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनात मिळते. ऐन तारुण्यात कमरेखालील शरीर लुळे पडल्यानंतर घराबाहेरचे जग त्यांनी पुन्हा मिळविले, आणि 1984 मध्ये कोल्हापुरात अपंगांच्या पुनर्वसनासाठी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. करुणेपेक्षा बरोबरीची सोबत या ग्रंथास अधिक महत्त्वाची वाटते, आणि ते यथार्थ आहे.

ग्रामपंचायती : स्वउत्पन्नाचा 5 टक्के भाग अपंगकल्याणार्थ खर्च करण्याचा दंडक आहे.