उभ्या गाडीचे प्रदूषण
बंद उभी गाडी हवा बिघडवते का? हो! उन्हात टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते. १९५०च्या सुमारास कॅलिफोर्नियात हागेन-स्मिट यांनी दाखवले, की असे हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यापासून सूर्यप्रकाशात ओझोन बनतो. जमिनीलगतचा हा ओझोन फुप्फुसांना घातक. म्हणून तिथे १९७०च्या गाड्यांपासून कोळशाचा डबा आला. सक्रिय कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू असताना झडप उघडते आणि वाफ इंजिनात जळते.

पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या 'एआरएआय'मध्ये गाडी हवाबंद खोलीत ठेवून ही वाफ मोजतात. बिघाड शोधताना मात्र आपण आधी टाकीचे झाकण व त्याचे रबर पाहावे, मग नळ्या, शेवटी झडप. झाकणच सैल असेल, तर कोळसा काय करणार?