मोटारीच्या इंजिनातील 'मिसिंग'चे घरगुती निदान : रत्नागिरीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
तंत्रज्ञानाच्या इतिहासात यंत्र कोणी बनविले, कारखाना केव्हा उभा राहिला, याची नोंद होते. बिघडलेले यंत्र लोकांनी कसे ओळखले व दुरुस्त केले, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात पेट्रोल इंजिनातील 'मिसफायर', म्हणजे मिस्त्रींच्या भाषेतील 'मिसिंग', या दोषाच्या घरगुती निदानाचा विचार रत्नागिरीच्या संदर्भात केला आहे. साधने बदलली तरी निदानाची मूळ रीत बदललेली नाही, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. हीच गाडी पुढे 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने घराघरांत परिचित झाली. परवाना पद्धतीच्या त्या काळात नव्या मोटारीसाठी दीर्घकाळ थांबावे लागे. म्हणून हाती असलेली गाडी टिकविणे भाग होते. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये सुरू होईपर्यंत रत्नागिरीचे मुंबईशी दळणवळण प्रामुख्याने घाटरस्त्यांवर अवलंबून होते. गाडी वाटेत अडली, तर मालकाला वा चालकाला स्वतःच बॉनेट उघडावे लागे.

येथील हवामानाचाही विचार करावयास हवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि समुद्राची खारी हवा यांमुळे विजेच्या जोडण्यांवर गंज चढतो. डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे मिस्त्रींच्या 'डेल्को'च्या, टोपणात ओल शिरली की ठिणगी प्लगपर्यंत न पोहोचता वाटेतच उतरते. त्यामुळे पावसाळ्याच्या सकाळी थरथरणाऱ्या इंजिनाचे पहिले निदान बहुधा कोरड्या फडक्याने होत असे.

निदानाची जुनी रीत :
सिलिंडरमध्ये इंधन पेटण्यास तीन गोष्टी लागतात : हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, पुरेसे कॉम्प्रेशन आणि वेळेवर पडणारी ठिणगी. यांपैकी एक चुकली की तो सिलिंडर काम करीत नाही, इंजिनाचा ताल तुटतो व गाडी ओढत नाही.

दोषी सिलिंडर शोधण्याची रीत सोपी होती. इंजिन मंद गतीवर ठेवून एकेका प्लगची वायर रोधक आवरणाच्या पकडीने काढावयाची. वायर काढताच इंजिन मंदावले, तर तो सिलिंडर चालू आहे. काहीच फरक पडला नाही, तर दोष तेथेच आहे. नंतर तेथील प्लग शेजारच्या सिलिंडरच्या प्लगशी बदलावयाचा. दोष प्लगबरोबर शेजारी गेला तर प्लग खराब. जागीच राहिला तर वायर, टोपण, टॅपेट यांची तपासणी करावयाची. काढलेला प्लगही बोलका असे. फिकट तपकिरी रंग निरोगीपणाचा, कोरडी काजळी जादा पेट्रोलची, तर तेलकट ओल झिजलेल्या रिंगची वा व्हॉल्व्हच्या गाइडची खूण मानली जाई. सर्वच सिलिंडरांची ठिणगी कमजोर असल्यास पॉइंट, कंडेन्सर व कॉइल पाहिली जात. ही सारी तर्कशुद्ध निरसनपद्धती होती. तिला ग्रंथाचा आधार नव्हता, एवढेच.

संगणकाचे आगमन :
२००० नंतर प्रदूषणविषयक निकष जसजसे कडक होत गेले, तसतसा नव्या मोटारींतून कार्बोरेटर हद्दपार झाला व त्याची जागा संगणकनियंत्रित इंधन-प्रक्षेपणाने घेतली. डिस्ट्रिब्यूटरही पुढे नाहीसा होऊन अनेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आली. अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची झालेली ओबीडी-२ ही स्वयंनिदान प्रणाली भारतात २०१३ पासून भारत स्टेज ४ च्या गाड्यांना लागू झाली आणि २०१७ मध्ये हे निकष देशभर आले. आता स्टिअरिंगखालील जोडणीत लहानसे उपकरण बसविले की भ्रमणध्वनीवर 'पी ०३०१' असा संकेत उमटतो; त्याचा अर्थ पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. 'पी ०३००' म्हणजे दोष एका सिलिंडरपुरता निश्चित झालेला नाही.

हा संकेत मिळतो कसा, हे पाहणे उद्बोधक आहे. क्रँकशाफ्टजवळील संवेदक तिच्या गतीतील क्षणिक घट मोजतो. मिस्त्रीच्या कानाला ऐकू येणारा तुटलेला ताल तो हाच. मात्र संकेत दोषाचा पत्ता सांगतो, कारण सांगत नाही. ते प्लग, कॉइल, इंजेक्टर वा कॉम्प्रेशन यांपैकी कशात आहे, हे जुन्याच रीतीने ठरवावे लागते. इंजिन बंद करून पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर बसविली आणि संकेत 'पी ०३०२' झाला, तर कॉइल खराब हे निश्चित होते.

एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. चालू इंजिनाची वायर वा कॉइल काढण्याची जुनी सवय आज धोक्याची आहे. उच्च दाबाच्या विजेचा झटका बसू शकतो. शिवाय न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो व निकामी होतो. इंजिनाचा दिवा लुकलुकू लागल्यास गाडी थांबविणेच इष्ट.

समारोप :
संकेत वाचून सुटे भाग बदलणे म्हणजे निदान नव्हे. तसे केल्यास निर्दोष भागाचा खर्च कुटुंबाच्या माथी पडतो आणि दोष कायम राहतो. २००३ मध्ये नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाहेर पडली. तिच्या स्मृतिपर लेखनात रंगरूपाचा गौरव पुष्कळ झाला. परंतु त्या इंजिनांवर घडलेली विचारपद्धती दुर्लक्षितच राहिली. रस्त्याकडेच्या गॅरेजांतील ज्येष्ठ मिस्त्रींकडे ती आजही मौखिक स्वरूपात आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकरवी त्यांच्या मुलाखती नोंदविल्यास स्थानिक इतिहासात मोलाची भर पडेल. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. कारण जुनी गाडी संग्रहालयात ठेवता येते, पण तिचा ताल ओळखणारा कान तेथे ठेवता येत नाही.