मंडईतला ओटा

मी तुमची सहयोगिनी बोलतेय.

मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या अकरा जणी एक दिवस पुण्याला गेलो होतो. सकाळी तुळशीबागेत बांगड्या बघितल्या, भांड्यांचे भाव विचारले. पण दिवसाचा बाकीचा वेळ शेजारच्या मंडईतच गेला. आज त्या मंडईची गोष्ट सांगते.

पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. ऊन डोक्यावर, पावसात चिखल. मग नगरपालिकेनं पक्की मंडई बांधायचं ठरवलं. दगडी इमारत, मधोमध उंच आठकोनी मनोरा. १८८६ साली ती सुरू झाली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर तेव्हा लॉर्ड रे होते, म्हणून नाव दिलं ‘रे मार्केट’.

नगरपालिकेत या खर्चाला विरोध केला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८७६ पासून काही वर्षं ते सभासद होते. ते माळ्याच्या घरातले, फुलं-भाजीचा धंदा त्यांना परका नव्हता. तरी ते म्हणाले, एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा गरिबांच्या शिक्षणावर घाला. त्यांचं कुणी ऐकलं नाही. आणि गंमत बघा, पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानं त्याच मंडईला फुल्यांचं नाव मिळालं. आज ती ‘महात्मा फुले मंडई’ आहे.

ठोक बाजार नंतर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. मंडईत किरकोळ विक्री राहिली. आत ओट्यावर एक मावशी बसल्या होत्या. म्हणाल्या, “ही जागा माझ्या सासूबाईंची. कागद आहे माझ्याकडं.” बाहेर रस्त्याच्या कडेला दुसऱ्या एक ताई कोथिंबीर घेऊन बसलेल्या. बोलता बोलता सारखी मान वळवून बघत होत्या, गाडी येतेय का म्हणून. दोघींची भाजी तीच, कष्ट तेच. फरक एका कागदाचा.

मला आमच्या गटातल्या दोघी आठवल्या. तालुक्याच्या गावी सात वर्षं एकाच जागी पापड-मसाले विकत होत्या. एका सकाळी त्यांना उठवलं. त्यांच्याकडं दाखवायला काही नव्हतं, कारण बाजाराच्या पावत्या त्या घरी गेल्यावर चुलीत घालत. पावतीवर काय लिहिलंय हे दोघींनाही वाचता येत नव्हतं. मंडईत उभी असताना फुल्यांचं म्हणणं मला तेव्हा कळलं. ओटा बांधला तरी तो आपला आहे हे सांगणारा कागद वाचता आला पाहिजे.

आता कामाचं सांगते. २०१४ साली पथविक्रेत्यांचा कायदा झाला. महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत, तिन्हीकडं तो लागू आहे. विक्रेत्यांची पाहणी करून त्यांना विक्री प्रमाणपत्र द्यायचं असतं. पाहणी पुरी होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. जागा बदलायची तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांमधले हवेत, आणि त्यातल्या किमान एक तृतीयांश बायका. म्हणजे ती खुर्ची आपलीही आहे. ग्रामपंचायतीच्या आठवडी बाजाराला हा कायदा लागत नाही. तिथं जागेचा विषय ग्रामसभेत मांडायचा.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना बाजारात विकायला बसणाऱ्या प्रत्येकीनं घरात असतील तेवढ्या पावत्या आणायच्या. ज्यांना वाचता येतं त्यांनी इतरांना त्या वाचून दाखवायच्या, तारखेप्रमाणे वहीत चिकटवायच्या. आमच्या त्या दोघींनी वही कधीच सुरू केलीय. पहिल्या पानावर स्वतःचं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय.