निळ्या ओठांचे कोडे

१/७
१८८६ साल. स्ट्रासबर्गमधील आर्नोल्ड कान आणि पॉल हेप हे तरुण डॉक्टर एका रुग्णाला कृमींवर नॅफ्थलीन देत होते. औषधालयातून चुकून दुसरीच पूड आली, असे सांगितले जाते. कृमी राहिले बाजूला, ताप मात्र झपाट्याने उतरला. ती पूड होती ॲसिटॅनिलाइड. लवकरच ती ‘अँटिफेब्रिन’ नावाने विकली जाऊ लागली.

२/७
पण काही रुग्णांचे ओठ आणि नखे निळसर पडू लागली. त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन होत होते, आणि ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. ताप उतरवणारे औषधच जिवावर बेतू शकत होते.

३/७
पर्यायांचा शोध सुरू झाला. १८८७ मध्ये फेनासेटिन आले. १८९३ मध्ये योसेफ फॉन मेरिंग यांनी पॅरासिटॅमॉल तपासले, परंतु तेही रक्त बिघडवते असा ठपका त्यावर बसला. त्यांचा नमुना अशुद्ध असावा, असे आज मानले जाते. या एका शेऱ्यामुळे पॅरासिटॅमॉल अर्धशतकभर अडगळीत पडले.

४/७
कोडे उलगडले ते १९४८ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये. बर्नार्ड ब्रॉडी आणि ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी ॲसिटॅनिलाइडचे शरीरात पुढे काय होते, याचा माग काढला. बहुतेक भागाचे पॅरासिटॅमॉल होते आणि वेदना तेच शमवते. थोड्या भागाचे ॲनिलीन होते, आणि रक्त बिघडते ते या वाटेने.

५/७
म्हणजे गुण आणि विष, दोन्ही शरीरातच घडत होते. मग गुणकारी पदार्थच थेट का देऊ नये? १९५५ मध्ये अमेरिकेत ‘टायलेनॉल’ बाजारात आले. त्यातील औषध होते तेच उपेक्षित पॅरासिटॅमॉल.

६/७
तरीही कथा संपली नाही. पॅरासिटॅमॉलचा अल्पसा भाग यकृतात एका दाहक पदार्थात बदलतो. ग्लुटाथायोन त्याला निष्प्रभ करते. मात्रा अति झाली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. १९७० च्या दशकात ही यंत्रणा उमगली. तिच्यावरूनच उतारा सापडला : ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरून काढणारे ॲसिटिलसिस्टीन.

७/७
हाच धडा पुढे ॲलर्जीवरील टर्फेनाडिनच्या वेळी उपयोगी पडला. शरीरात त्याचे रूपांतर अडले, तर हृदयाचे ठोके घातक रीतीने बिघडत. रसायनशास्त्रज्ञांनी त्यापासून शरीरात तयार होणारे फेक्सोफेनाडिनच औषध म्हणून पुढे आणले. औषध गिळल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न आज नवे औषध बाजारात येण्याआधीच विचारला जातो. निळ्या ओठांच्या रुग्णांसाठी तो विचारायला बासष्ट वर्षे लागली.