विसरलेले गणित आणि अण्णांचे विद्यापीठ

अंजनवेलला जाणारा माणूस बहुधा गोपाळगड पाहायला जातो. वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते त्या टोकावर हा किल्ला आहे आणि खाडीच्या पलीकडे दाभोळ. मीही गडासाठीच गेलो होतो. पण दुपारी ज्या घरी जेवायला थांबलो, तिथे किल्ला बाजूलाच राहिला. ताटे उचलल्यावर त्या घरच्या सूनबाईंनी माझ्यापुढे मुक्त विद्यापीठाच्या विषयांची यादी ठेवली.

"सर, तुम्ही कॉलेजात शिकवायचात ना? मग एवढं सांगा. यातलं काय घेऊ?"

लग्न ठरले तेव्हा त्यांचे बी.ए.चे पहिले वर्ष अर्धे झाले होते. ते तिथेच राहिले. त्याला सोळा वर्षे होऊन गेली. आता मुलगा सातवीत आहे, घरात सासूबाईंचे करायला माणूस आहे, तेव्हा पुन्हा शिकावे असे मनात आले. यादीत अर्थशास्त्राच्या नावासमोर त्यांनी पेन्सिलीने खूण केली होती आणि मग ती खोडली होती. "आवडतं हो मला. पण त्यात टक्केवारी येणार. मला आता साधा भागाकार येत नाही. इंग्रजी वाचायला घेतलं की दुसऱ्या ओळीला अडखळते. मुलासमोर लाज वाटते."

मी त्यांना लगेच काही सांगितले नाही. हा प्रश्न मला ओळखीचा वाटला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच खाडीच्या पलीकडच्या एका माणसाने तो आपल्या अंगावर घेतला होता, आणि त्याचे जे उत्तर दिले त्यावरून बराच वाद झाला होता.

दाभोळहून किनाऱ्याने उत्तरेला गेले की मुरुड लागते. दापोली तालुक्यातले हे गाव धोंडो केशव कर्वे यांचे. अण्णांचा जन्म 1858 सालचा. आपण त्यांना महर्षी म्हणून ओळखतो, त्यामुळे ते स्वतः किती उशिरा शिकले हे आपल्या लक्षात राहत नाही. सतराव्या वर्षी परीक्षेला बसण्यासाठी हा मुलगा घाट चढून पायी साताऱ्याला गेला. तिथे परीक्षकांना तो वयाने लहान दिसला, म्हणून त्याला बसूच दिले नाही. पुढे मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून ते मॅट्रिक झाले ते 1881 साली. तेव्हा त्यांचे वय 23 होते आणि लग्न होऊन बरीच वर्षे झाली होती. एल्फिन्स्टन कॉलेजातून 1884 साली ते बी.ए. झाले. विषय घेतला होता गणित. त्याच गणितावर 1891 पासून त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापकी केली.

आता पुढचा भाग पाहा. 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. हिंगण्याला ज्या विधवा येत, त्यांतल्या कितीतरी जणींना माहेरी थोडीफार अक्षरओळख झालेली असे. मग लग्न, मग वैधव्य, मग चुलीपुढची वर्षे, आणि तेवढ्यात ती अक्षरेही पुसट झालेली. वीस-पंचवीस वर्षांच्या बाईला पुन्हा पाटी घेऊन बसवायचे म्हणजे काय, हे अण्णांनी वीस वर्षे रोज पाहिले. 1915 साली त्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली आणि 1916 साली त्यांनी भारतवर्षीय महिला विद्यापीठ सुरू केले. विद्यार्थिनी बोटांवर मोजता येतील इतक्या.

या विद्यापीठाचा अभ्यासक्रम पाहिला की थबकायला होते. शिकवायचे मातृभाषेतून. गृहशास्त्र सर्वांना. आणि गणित व भौतिकशास्त्रासारखे अवघड समजले जाणारे विषय ऐच्छिक. हवे तिने घ्यावेत. हे कोणी ठरवले? संस्थापक गणिताचे प्राध्यापक. पहिले कुलगुरू रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, 1899 सालचे केंब्रिजचे सीनियर रँग्लर, तेही मूळ मुरुडचेच आणि अण्णांच्याच घरी राहून शिकलेले. गणितावर ज्यांचे पोट आणि कीर्ती दोन्ही अवलंबून, त्या दोघांच्या हाताखालच्या विद्यापीठात गणित न घेता पदवी मिळत होती. कोकणी माणूस स्वतःच्या झाडाचा नारळ पाहुण्याला आग्रहाने वाढतो. इथे या दोघांनी तो आग्रह केला नाही.

टीका झालीच. बायकांसाठी सोपी पदवी काढली, असे म्हणणारे होते. त्या टीकेत काहीच तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. गणित सोडायची मुभा ही एका परीने सोय होती, पण तिच्या शेजारी गृहशास्त्राची सक्ती होती, आणि बाईचे शिक्षण शेवटी घरासाठीच ही त्या काळची समजूत त्यात स्पष्ट दिसते. हिशेब विसरलेल्या बाईला वाट करून देणे वेगळे आणि बाईला गणित लागतेच कशाला असे म्हणणे वेगळे. 1916 च्या अभ्यासक्रमात या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. माझ्या मते अण्णांच्या मनात पहिली होती, पण आजूबाजूचे अनेक जण दुसरीसाठी माना डोलवत होते. याची किंमतही मोजावी लागली. विठ्ठलदास ठाकरसी यांनी 1920 साली 15 लाखांची देणगी दिली, विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले, तरी कायद्याने मान्यता मिळायला 1951 साल उजाडले. म्हणजे पस्तीस वर्षे.

एका विषयाबाबत मात्र अण्णा हटले नाहीत. तो म्हणजे इंग्रजी. गांधीजींना मातृभाषेतून शिक्षण ही कल्पना पसंत होती, पण इंग्रजी सक्तीचे नको, ऐच्छिक ठेवा, असे त्यांचे म्हणणे होते. अण्णांनी ते मानले नाही. गणित नसले तरी चालेल, इंग्रजी हवेच. का? इंग्रजी येत नसेल तर बाईला बाहेरच्या जगाशी दुसऱ्याच्या तोंडाने बोलावे लागते, हे त्यांना घरातच दिसत होते.

घरात म्हणजे अक्षरशः घरात. पार्वतीबाई आठवले या त्यांच्या मेहुणी, बाया कर्व्यांच्या धाकट्या बहीण, माहेर देवरूखचे. जन्म 1870. विसाव्या वर्षी विधवा झाल्या, पदरी मुलगा. अण्णांकडे येऊन त्या शिकल्या आणि आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या. निधी जमवायला त्या गावोगाव हिंडत, सभांतून बोलत. इंग्रजी शिकण्याचा त्यांनी अनेकदा प्रयत्न केला आणि दर वेळी आश्रमाच्या कामाने तो मोडला. शेवटी 1918 साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ही बाई इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेली. लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरले आणि भाषा शिकली. 1920 साली परतल्या. 'माझी कहाणी' या त्यांच्या आत्मचरित्रात हे सारे आहे. साध्या भाषेतले पुस्तक आहे, मिळाले तर जरूर वाचा.

मला पार्वतीबाईंची ही निवड फार मोलाची वाटते. त्यांना जे सोपे जात होते, म्हणजे बोलणे, माणसे जोडणे, व्यवस्था पाहणे, ते त्या आधीच करत होत्या. शिकायला म्हणून त्यांनी नेमके अडणारे घेतले. पण एकच घेतले. इंग्रजी, गणित, विज्ञान असे सगळे एकदम डोक्यावर घेतले असते तर त्या दुसऱ्या महिन्यात परत आल्या असत्या.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली नाशिकला स्थापन झाले, तेव्हा हाच प्रश्न नव्याने पुढे आला. आता तो फक्त विधवांचा नव्हता. शेतकरी, गिरणी कामगार, पोलीस शिपाई, मुले मोठी झालेल्या गृहिणी, सगळ्यांचाच होता. या विद्यापीठाने मराठीतून पुस्तके दिली, गावाजवळ अभ्यासकेंद्रे दिली, आणि बारावीची अट पूर्ण न करणाऱ्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम आखला. विषय गाळण्यापेक्षा आधी गंज काढून घेण्याचा हा मार्ग अण्णांच्या मार्गाहून वेगळा आहे आणि मला तो अधिक पटतो.

हे सगळे अंजनवेलच्या त्या पडवीत मी सांगत बसलो. सूनबाई ऐकत होत्या, सासूबाईही ऐकत होत्या. मी म्हटले, "मराठी आणि इतिहास तुम्हाला जड जाणार नाही, ते घ्या. पण ती खोडलेली खूण परत करा. अर्थशास्त्राला लागते ते गणित सातवीच्या पुस्तकात आहे."

त्या हसल्या. म्हणाल्या, "पुस्तक घरातच आहे. पण त्याला कसं सांगू, मला शिकव म्हणून?"

"तो शिकवेल की," सासूबाई आतून म्हणाल्या. "मला मोबाइल त्यानंच शिकवलाय. ओरडतो थोडा."

धोपाव्याच्या फेरीबोटीची वेळ होत आली होती, म्हणून मी उठलो. गोपाळगड पाहायचा तो राहिलाच. निघताना पाहिले तर यादी घडी घालून मुलाच्या दप्तरावर ठेवली होती आणि तो अजून शाळेतल्या मैदानावरून आला नव्हता.