थेट डिजिटल अ‍ॅम्प्लिफायर
डिजिटल ध्वनिसंकेत मध्येच अ‍ॅनालॉग न करता त्याचे सरळ कमी-अधिक रुंदीच्या स्पंदांत रूपांतर करून स्पीकर चालवणारा विवर्धक. डेन्मार्कच्या टोकाटा टेक्नॉलॉजीचे ‘इक्विबिट’ तंत्र वापरणारा टॅक्ट कंपनीचा ‘मिलेनियम’ हे त्याचे आरंभीचे ठळक उदाहरण. २००० मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने टोकाटा विकत घेतली. असा विवर्धक घरी जुळवणाऱ्याने स्पंद तयार करणारा मॉड्युलेटर, मॉसफेट ट्रान्झिस्टरांचा शक्तिटप्पा, कॉइल-कपॅसिटरचा फिल्टर आणि वीजपुरवठा वेगवेगळ्या बोर्डांवर ठेवावा. मॉसफेट जळाले (आणि ते जळतातच) तर तेवढाच बोर्ड बदलता येतो. खरी कसोटी वीजपुरवठ्याची. फीडबॅक नसेल तर पुरवठ्यातला चढउतार थेट आवाजात उतरतो. इथे कंजुषी अंगाशी येते. स्विचिंग अनेकदा ३८४ किलोहर्ट्झला चालते, म्हणून बोर्डांमधल्या तारा आखूड लागतात.