म्यूसिन आणि स्वादुपिंडाचा कर्करोग
शरीरातील नलिकांच्या आतल्या अस्तराला चिकट संरक्षक थर देणारी, शर्करासाखळ्यांनी लगडलेली मोठ्या रेणूंची प्रथिने म्हणजे म्यूसिन (पहा : श्लेष्मल कला, स्वादुपिंड). काही म्यूसिने पेशीपटलात रुतलेली (म्यूक-१, म्यूक-४, म्यूक-१६), तर काही स्रवणारी (म्यूक-५एसी) असतात. निरोगी स्वादुपिंडात म्यूक-४ व म्यूक-५एसी जवळजवळ आढळत नाहीत. नलिकांतील कर्करोगपूर्व विकृतींत मात्र ती दिसू लागतात आणि रोग बळावताना म्यूक-४ वाढत जाते.

या बदलात दीर्घकालीन दाहाचा मोठा वाटा असतो (पहा : स्वादुपिंडशोथ). बहुसंख्य रुग्णांत केरास जनुकाचे उत्परिवर्तन सापडते. पण प्रौढ उंदरांत केवळ त्याने कर्करोग उद्भवत नाही, जोडीला दाह लागतो, असे स्पेनमधील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले. दाहात स्रवणारे इंटरफेरॉन-गॅमा म्यूक-४ची निर्मिती वाढवते. उलट दिशेने, म्यूक-१चे पेशीच्या आतील टोक एनएफ-कप्पा-बी या दाहनियामक प्रथिनाला चालना देते; त्यामुळे हे चक्र स्वतःलाच पोसत राहते.

सीए १९-९ ही रक्तचाचणी म्यूसिनांवर आढळणारी एक शर्करारचना मोजते. लुईस प्रतिजन नसलेल्यांत ती रचना तयारच होत नाही, तर अवरोधी काविळीत कर्करोग नसतानाही तिचे प्रमाण वाढते. म्हणून लक्षणे नसलेल्यांच्या चाळणीसाठी ही चाचणी वापरत नाहीत (पहा : अर्बुददर्शक).